शाळेंतील छात्रसेनेचें वर्ष

विदर्भांतील शाळा उर्वरित महाराष्ट्राच्या मागून, जूनच्या अखेरीस उघडतात. उन्हाळ्याचा ताप हें त्याचें कारण. त्या सुमारास गोंदियास पावसाच्या पहिल्या सरी येऊन गेलेल्या असतात, पटांगणावर चिखल झालेला असतो, आणि एके दिवशीं सकाळीं त्या चिखलांत आठवी-नववीच्या मुलांची एक लांब रांग उभी राहते. राष्ट्रीय छात्रसेनेच्या नव्या वर्षाची भरती ती हीच. अर्धशतकापूर्वीं आम्ही अशाच एका रांगेंत उभे होतों. भिंतीवर खडूनें एक आडवी रेघ ओढलेली होती. बटालियनकडून आलेले हवालदार एकेका मुलास त्या रेघेपाशीं उभें करीत, एकवार खालपासून वरपर्यंत पाहत, आणि ‘इधर’ किंवा ‘उधर’ एवढेंच म्हणत. आमचें डोकें रेघेच्या खालीं राहिलें व आम्ही ‘उधर’ गेलों.

दुसऱ्या वर्षीं रेघ तीच होती. डोकें तेवढें वर सरकलें होतें, म्हणून आम्ही घेतले गेलों. परंतु मधल्या वर्षांत एक प्रश्न मनांत घर करून बसला, तो अद्याप उठलेला नाहीं. हें दल सैनिक तयार करण्यासाठीं आहे कीं नागरिक तयार करण्यासाठीं? सैनिक हवे असतील तर रेघ योग्यच म्हटली पाहिजे. पण नागरिक हवे असतील तर त्यांस उंचीची अट कशाला? पुढें ह्या दलाचा इतिहास वाचूं लागलों तेव्हां असें दिसून आलें कीं हा प्रश्न केवळ आमच्या बालपणींच्या मानभंगांतून निघालेला नसून दलाच्या जन्माहूनहि जुना आहे, आणि छात्रसैनिकाच्या वर्षांतील बहुतेक रिवाज हे त्या प्रश्नास निरनिराळ्या काळांनीं दिलेल्या उत्तरांचे अवशेष आहेत.

१८७८ च्या शस्त्रांच्या कायद्यानें हिंदी माणसाचें हत्यार परवान्याखालीं गेलें. त्यानंतर सरकारनें आपण होऊन विद्यार्थ्याच्या हातीं बंदूक दिली ती पहिल्या महायुद्धाच्या निकडीमुळें. १९१७ सालीं ‘इंडियन डिफेन्स फोर्स’चा कायदा झाला व त्याखालीं विद्यापीठांतून विद्यार्थ्यांचीं पथकें उभीं राहिलीं. १९२० च्या प्रादेशिक सेनेच्या कायद्यानें त्यांस ‘युनिव्हर्सिटी ट्रेनिंग कोअर’ हें रूप आलें, आणि दुसरें महायुद्ध ऐन भरांत असतां १९४२ सालीं त्या नांवांत ‘ऑफिसर्स’ हा शब्द घालण्यांत आला. सरकारचा हेतु सांगण्यास तो एक शब्द पुरेसा आहे. कॉलेजांत जाणारे तरुण त्या काळीं मूठभर. त्यांतून सैन्यास अधिकारी मिळावेत, इतकाच हा हिशेब होता. तेरा-चौदा वर्षांच्या शाळकरी मुलाचें ह्या योजनेंत नांवहि नव्हतें.

त्या मुलाचा विचार केला तो सरकारबाहेरच्या मंडळींनीं, आणि तोहि कोण्या एका पक्षानें नव्हे. डॉ. नारायण सुब्बराव हर्डीकर ह्यांनीं १९२३ च्या काकिनाडा काँग्रेसच्या वेळीं हिंदुस्थानी सेवादलाची स्थापना केली व तरुणांस शिस्तबद्ध चालीनें चालावयास शिकविलें. १९२५ सालीं नागपुरास निघालेल्या राष्ट्रीय स्वयंसेवक संघाच्या शाखेंत दंड व कवाईत होती. १९४१ सालीं महाराष्ट्रांत राष्ट्र सेवा दल निघालें, त्याचेंहि निशाण आणि संचलन होतें. ज्यांचा राजकारणांत एकमेकांशीं विस्तवहि जात नव्हता त्या सर्वांचें ‘सावधान’ ह्या शब्दावर मात्र एकमत होतें, ही गोष्ट आम्हांस मोठी अर्थपूर्ण वाटते. परतंत्र देशांत सरळ रांगेंत उभें राहणें हेंच एक राजकीय विधान होऊन बसलें होतें. सरकारनेंहि तें ओळखलें. १९४० सालीं खासगी दलांच्या लष्करी कवाइतीवर व गणवेषावर बंदी घालण्यांत आली.

ह्या सर्वांत शाळेपुरता निश्चित आराखडा ज्यांच्या डोक्यांत होता ते नागपूरचे डॉ. बाळकृष्ण शिवराम मुंजे. व्यवसायानें नेत्रवैद्य, राजकारणानें टिळकपक्षीय. गोलमेज परिषदेच्या निमित्तानें ते विलायतेस गेले, आणि १९३१ च्या मार्चमध्यें इटलींत जाऊन तेथील मुलांच्या फॅसिस्ट संघटना त्यांनीं पाहिल्या व मुसोलिनीचीहि भेट घेतली. परत आल्यावर १९३५ सालीं त्यांनीं सेंट्रल हिंदु मिलिटरी एज्युकेशन सोसायटी स्थापन केली व १९३७ सालीं नाशिकास भोंसला मिलिटरी स्कूल काढलें. इटलींतील तो नमुना आज मनास खटकल्यावांचून राहत नाहीं. मुलाला राष्ट्रयंत्राचा एक खिळा समजणारी ती पद्धति होती, आणि तिचा शेवट सर्व जगानें पाहिला आहे. तथापि मुंजे ह्यांच्या योजनेंत संदिग्धता नव्हती, एवढें त्यांच्या पदरीं घातलें पाहिजे. त्यांस सैन्याचे अधिकारी हवे होते, त्यासाठीं त्यांनीं निराळी निवासी शाळा काढली, आणि ज्यास त्या वाटेनें जावयाचें असेल त्यानें तेथें यावें असें सांगितलें. गांवच्या साध्या शाळेला तिनें हात लावला नाहीं.

गांवच्या शाळेंत हें शिक्षण आलें तें अगदीं निराळ्या माणसाच्या हातून. लष्कर आणि शाळा ह्यांची सांगड कशी घालावी ह्याचा विचार करण्यासाठीं १९४६ सालीं एक समिति नेमण्यांत आली, तिचे अध्यक्ष पंडित हृदयनाथ कुंझरू होते. नामदार गोखले ह्यांनीं १९०५ सालीं पुण्यास स्थापिलेल्या भारत सेवक समाजाचे ते १९३६ पासून अध्यक्ष. वृत्तीनें नेमस्त, कायदेकौन्सिलांत मुद्देसूद भाषणें करणारे, आणि बालवीर चळवळीचे जुने कार्यकर्ते. टिळकांच्या अनुयायानें एक लष्करी शाळा काढावी, आणि देशभरच्या साध्या शाळांत खाकी गणवेष पोंचविण्याचें काम गोखल्यांच्या अनुयायाकडे यावें, असा हा योग! समितीचा अहवाल १९४७ च्या मार्चमध्यें आला. तेवढ्यांत फाळणी झाली, काश्मीरांत लढाई पेटली, आणि १९४८ च्या एप्रिलांत त्या वर्षाचा एकतिसावा कायदा म्हणून राष्ट्रीय छात्रसेनेचा कायदा झाला. १५ जुलै १९४८ रोजीं दलाचें कार्य सुरू झालें. आरंभीं छात्रसैनिक सुमारें वीस हजार होते. कॉलेजांसाठीं वरिष्ठ विभाग व शाळांसाठीं कनिष्ठ विभाग अशी रचना होती. पुढल्या वर्षीं, १९४९ सालीं, मुलींचा विभाग निघाला.

दलाचे पहिले संचालक कर्नल गोपाळ गुरुनाथ बेवूर. त्यांचा जन्म सिवनीचा, म्हणजे आमच्या शेजारचा. पूर्वीं गोंदियाहून सातपुड्याच्या अरुंद रुळांच्या गाडीनें नैनपुरास जात, तेथें गाडी बदलत, कीं सिवनी येई. पुढें १९७३ ते १९७५ ह्या काळांत ते भूदलाचे सरसेनापति झाले.

१९४८ च्या कायद्यांत एक छोटें कलम आहे. ह्या दलाचा सभासद आहे एवढ्याच कारणास्तव कोणावरहि प्रत्यक्ष लष्करी सेवेचें बंधन येणार नाहीं, असा त्याचा आशय. आमच्या मतें सर्व कायद्याचा प्राण ह्या कलमांत आहे. बंदूक दिली, गणवेष दिला, पण मुलाचें पुढलें आयुष्य मागितलें नाहीं. युनिव्हर्सिटी कोअरचा ‘ऑफिसर्स’ हा शब्द गळाला आणि त्या जागीं ‘कॅडेट’ हा शब्द आला. येथवर पाहतां नागरिकाचा पक्ष जिंकला असेंच कोणीहि म्हणेल. पण भरतीचे नियम, शिकविणारे हवालदार, बंदुका आणि आज्ञा सैन्याच्याच राहिल्या. ध्येय बालवीरांचें आणि हत्यारें पलटणीचीं, अशी ही जोडी गेलीं पंचाहत्तर वर्षें चालत आली आहे.

ह्या जोडीचा अनुभव जुलैपासूनच येऊं लागतो. आमच्या शाळेचे व्यायामशिक्षक ‘उजवीकडे वळ’ म्हणत. छात्रसेनेचे हवालदार ‘दाहिने मुड’ म्हणत. पहिले दोन-तीन आठवडे अर्धी तुकडी एका दिशेस तर अर्धी दुसऱ्या दिशेस जाई. हिंदी आज्ञांचा बाऊ मात्र गोंदियाच्या मुलांस कधींच वाटला नाहीं. आमच्या रांगेंत घरीं पोवारी बोलणारीं, छत्तीसगढी बोलणारीं, गोंडी बोलणारीं, मारवाडी बोलणारीं आणि मराठी बोलणारीं मुलें खांद्यास खांदा लावून उभीं असत. बाजाराची भाषा सर्वांची हिंदीच होती. राज्याचें नांव तर इतक्यांदा बदललें होतें कीं विचारूं नये : दल निघालें तेव्हां गोंदिया मध्यप्रांत-वऱ्हाडांत, १९५० पासून मध्यप्रदेशांत, १९५६ सालीं मुंबई राज्यांत, १९६० सालीं महाराष्ट्रांत. बारा वर्षांत चार नांवें! भंडाऱ्यांतून निघून गोंदिया हा स्वतंत्र जिल्हा झाला तो १९९९ च्या महाराष्ट्रदिनीं.

जुलैच्या मध्यावर हजेरी एकाएकी गळते. हे दिवस धानाच्या रोवणीचे. पऱ्हे उपटून चिखलांत लावण्यास घरचा प्रत्येक हात लागतो, आणि तेरा वर्षांच्या मुलाचा हात कांहीं लहान समजला जात नाहीं. हवालदार परप्रांतांतले होते. ‘ये लडके भागते क्यूं हैं’ असें ते आमच्या शिक्षकांस विचारीत. शिक्षक स्वतः शेतकऱ्याच्या घरचे. ते हजेरीपटावर पेन्सिलीनें एक बारीक टिंब देत आणि रोवणी संपली म्हणजे त्या टिंबाची खूण करीत. नियमाच्या दृष्टीनें हें चुकीचें असेल. परंतु त्या पेन्सिलीच्या टिंबावांचून आमच्या तुकडींतील निम्मीं मुलें ऑगस्टपूर्वींच गळालीं असतीं. शिवाय भर पावसांत गुडघाभर चिखलांत दिवसभर वांकून काम करणाऱ्या मुलास ‘अंगीं काटकपणा यावा’ म्हणून पटांगणावर पळविण्यांत काय स्वारस्य होतें, हें आम्हांस तेव्हांहि कळलें नाहीं.

पंधरा ऑगस्ट जवळ आला म्हणजे सगळें वातावरण बदले. गणवेषाला खळ लागे, पितळी बिल्ले ब्रासोनें घांसले जात, बुटांच्या टोंकावर थुंकी व पॉलिश ह्यांचे थर चढत. कवाइतीसाठीं निकामी केलेल्या थ्री-नॉट-थ्री रायफली भांडारांतून निघत. तिचें वजन सुमारें चार किलो. ती खांद्यावर घेऊन तहसील कचेरीपर्यंत जाणें ही आम्हांस मोठी मोहीम वाटे. तिच्यांतून गोळी सुटणार नाहीं हें ठाऊक असूनहि रस्त्यानें जातांना आम्ही मान वळवीत नव्हतों. ही ऐट पोकळ होती असें आज कोणी म्हटल्यास आम्ही वाद घालणार नाहीं. मात्र घरीं ज्याच्या नांवाचा एकहि कोरा कपडा नव्हता अशा मुलास त्या दिवशीं गांवानें थांबून पाहिलें होतें.

वर्षाचा कळस म्हणजे शिबिर. दसऱ्या-दिवाळीच्या सुमारास दहा दिवसांसाठीं आम्हांस कामठीस नेलें. तिरोडा, तुमसर रोड, भंडारा रोड, कन्हान अशीं स्टेशनें घेत पॅसेंजर गाडी कामठीस पोंचते. ह्या गांवाची कथा आम्हांस तेव्हां कोणी सांगितली नाहीं, आणि ती सांगण्यासारखी आहे. १८१७ च्या नोव्हेंबरांत सीताबर्डीच्या टेकड्यांवर नागपूरकर भोंसल्यांच्या फौजेचा पराभव झाला. त्यानंतर १८२१ सालीं इंग्रजांनीं कन्हान नदीच्या कांठीं कामठीची छावणी वसविली. भोंसल्यांच्या राजधानीवर नजर ठेवणें हें त्या छावणीचें काम. त्याच कामठींत आज छात्रसेनेच्या अधिकाऱ्यांची प्रबोधिनी आहे, आणि देशभरचे शाळामास्तर तेथें येऊन सलाम करावयास शिकतात! गणिताचा किंवा भूगोलाचा शिक्षक तेथून ‘थर्ड ऑफिसर’ होऊन परत येतो. आमचे शिक्षकहि तसेच. वर्गांत त्यांचा आवाज शेवटच्या बांकापर्यंत पोंचत नसे. पटांगणावर तोच आवाज रस्त्यापलीकडे ऐकूं जाई. माणसाचा आवाज त्याच्या हुद्द्याबरोबर कसा वाढतो ह्याचा तो आमचा पहिला धडा.

शिबिरांत शिकलेलें बरेंचसें विसरलों. नकाशावरील उंचीच्या रेषा, जखमेवर बांधावयाची त्रिकोणी पट्टी, झाडाझुडपांत स्वतःस लपविण्याचे प्रकार ह्यांतलें आतां थोडेंच आठवतें. आठवतो तो तंबू. एका तंबूंत निरनिराळ्या शाळांतील मुलें मुद्दाम मिसळून ठेवलेलीं असत. गोंदियाच्या तांदुळाच्या गिरणीमालकाचा मुलगा, रेल्वेच्या फिटरचा मुलगा, देवरीकडील एका पाड्यावरून आलेला गोंड मुलगा आणि आम्ही, असे एका सतरंजीवर निजत होतों. जेवणाच्या रांगेंत ताट घेऊन उभें राहावयाचें, जें पडेल तें खावयाचें आणि आपलें ताट आपण राखेनें घांसावयाचें. गिरणीमालकाच्या मुलास ताट घांसतां येत नव्हतें. तें त्यास त्या गोंड मुलानें शिकविलें. गांवांत हे दोघे एका पंक्तीस बसले नसते. कवाइतीनें जें साधलें नाहीं तें ह्या राखेच्या ढिगाशीं साधलें, असें आमचें मत आहे. आणि कुंझरू समितीचें ध्येय जर नागरिक घडविण्याचें असेल, तर तें पटांगणावर नव्हे, येथें सफल होत होतें.

गोळीबाराचा दिवस आला तो शेवटून दुसरा. पॉइंट ट्‌वेंटी-टूची हलकी रायफल, पोटावर पालथें पडून, मोजून पांच गोळ्या. ज्यासाठीं वर्षभर चिखल तुडविला तें पांच मिनिटांत संपलें. आमच्या पांचांपैकीं दोन कागदाला लागल्या. तिसरी शेजारच्या कागदाला लागली असावी, कारण त्याच्यावर सहा भोकें निघालीं.

हें सर्व स्वेच्छेचें होतें, ही गोष्ट येथें मुद्दाम सांगितली पाहिजे. कारण ती तशी नसती तर काय होतें, ह्याचाहि प्रयोग ह्या देशानें करून पाहिला आहे. आझाद हिंद सेनेंतील एक प्रमुख सेनानी, कोंकणांतले जनरल जगन्नाथराव भोंसले, ह्यांनीं १९५४ सालीं दिल्लीस निर्वासितांच्या मुलांसाठीं राष्ट्रीय शिस्त योजना सुरू केली. ती सर्व मुलांसाठीं होती, तींत निवड नव्हती. हेतु उदात्त होता. १९६१ सालीं साताऱ्यास पहिलें सैनिक स्कूल निघालें. तें मुंजे ह्यांच्या वाटेवरचें, म्हणजे ज्यांस अधिकारी व्हावयाचें त्यांचें. मग १९६२ चें चिनी आक्रमण आलें, आणि पराभवाच्या वेदनेंत सरकारनें १९६३ सालीं कॉलेजांतील मुलांवर छात्रसेना सक्तीची केली. आमच्या थोरल्या भावांची पिढी ह्यांत सांपडली. एवढ्या मुलांस पुरतील इतके शिक्षक नव्हते, बूट नव्हते, मैदानें नव्हतीं. हजेरी भरली नाहीं तर परीक्षेस बसतां येणार नाहीं, ह्या धाकानें आलेला तरुण पटांगणाच्या कडेला झाडाखालीं उभा राहून वेळ काढी. १९६८ सालीं ती सक्ति उठली, आणि पुढल्या वर्षीं राष्ट्रीय सेवा योजना हा दुसरा मार्ग मोकळा करण्यांत आला. जनरल भोंसल्यांची योजना १९६५ सालीं ‘नॅशनल फिटनेस कोअर’मध्यें मिसळली व कालांतरानें शाळांच्या व्यायामाच्या तासांत विरून गेली.

टिकलें तें कनिष्ठ विभागांतील तें छोटें, मागून घेतलेलें वर्ष. ज्यास नको होतें तो आला नाहीं; म्हणून जो आला तो रोवणीनंतर परत येत होता. परंतु येथेंच आमचा जुना प्रश्न पुनः उभा राहतो. सक्ति नको हें मान्य केलें कीं जागा मोजक्या राहतात. जागा मोजक्या राहिल्या कीं निवड आली. आणि निवड आली कीं भिंतीवर खडूची रेघ आली. मागणी करणाऱ्यास नाकारणें ही स्वेच्छेची दुसरी बाजू आहे, आणि तिचा विचार कुंझरूंच्या नांवाचा आदर करणाऱ्यांनींहि पुरेसा केलेला नाहीं. एका शाळेंत रेघ आहे. दुसऱ्या शाळेंत तर तुकडीच नाहीं, तेथें रेघेपर्यंत पोंचण्याचाहि प्रश्न उरत नाहीं. २०२० सालीं सरकारनें दलाचा मोठा विस्तार जाहीर केला तो सीमेवरच्या व समुद्रकांठच्या जिल्ह्यांसाठीं. गोंदियास मध्यप्रदेश व छत्तीसगढ ह्यांच्या सीमा लागतात, परदेशाची नाहीं. आणि समुद्र तर आमच्या मुलांनीं पुस्तकांत पाहिलेला. अलीकडे स्वतःच्या खर्चानें तुकडी चालविण्याची मुभा शाळांस मिळाली आहे. ज्या शाळेपाशीं पैसा आहे तिला हा मार्ग बरा. सालेकसा किंवा अर्जुनी-मोरगांव तालुक्यांतील एखाद्या आश्रमशाळेनें बुटांचे पैसे कोठून आणावेत, हें मात्र त्या योजनेंत लिहिलेलें नाहीं. ज्या मुलाच्या हातून गिरणीमालकाचा मुलगा ताट घांसावयास शिकला, त्या मुलाचा पुतण्या आज रांगेंत उभा राहूं शकतो कीं नाहीं, हें पाहूनच ह्या दलाचें ध्येय कोणतें तें ठरवावें, असें आम्हांस वाटतें.

असो. सव्वीस जानेवारीचें संचलन झालें कीं वर्ष उतरणीस लागे. दुसऱ्या वर्षाच्या मुलांची ‘अ’ प्रमाणपत्राची परीक्षा होई. तींत आम्ही उत्तीर्ण झालों, नकाशावाचनांत काठावर. त्यानंतर एके दुपारीं गणवेष परत करावयाचा. अलीकडे गणवेषाचे पैसे मुलांच्या खात्यांत जमा होतात. आमच्या वेळीं तो भांडाराचा असे. सदऱ्याच्या गळपट्टीच्या आंत आमचें नांव शाईनें लिहिलेलें होतें, त्याच्या वर आणखी तीन नांवें खोडलेलीं होतीं. शिक्षकांनीं सदरा उलटा करून गुंड्या मोजल्या, एक कमी भरली, तिचे दहा पैसे वहींत मांडले, आणि दौतींत टांक बुडवून आमच्या नांवावर एक रेघ ओढली.